पट्टीची गाडी

आमच्या बाईंच्या घरात धड कप नव्हता. एकूण सात कप. चारांचे कान पिवळ्या डिंकाने परत चिकटवलेले, दोहोंचे कान कायमचे गेलेले, आणि सातव्याला मधोमध बारीक तडा. त्यातून चहा पाझरून बशीत जमायचा. साताऱ्यात त्यांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी मला बिनकानाच्या कपातून चहा आला. मी तो उचललाच नाही.

फुटका कप कोणासाठी वेगळा ठेवतात हे मला शिकवायची गरज नव्हती. कोरेगावच्या पुढे आमचं गाव. माझ्या आईने अर्धं आयुष्य वरच्या आळीतल्या ओट्यांखाली बसून तसल्याच कपातून चहा घेतला होता आणि पिऊन झाल्यावर तो आपल्या हाताने विसळून वळचणीला खोचला होता. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी आईने ते बंद केलं. वरच्या आळीचा चहाच बंद केला म्हणा ना. मी त्या आईची मुलगी. शिकून, पांढरी साडी नेसून साताऱ्याला आले होते, ती काही बिनकानाच्या कपासाठी नव्हे.

“चहा गार होतोय, सिस्टर,” बाई म्हणाल्या.

“मी फुटक्या कपातून पीत नाही.”

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, माझा कप पाहिला, मग स्वतःचा उचलून दाखवला. त्यांचा होता तो पाझरणारा. बशीत तळं झालं होतं. “मग या घरात तुम्हाला चहा मिळणं कठीण आहे,” असं म्हणून त्यांनी फडताळ उघडलं आणि उरलेले पाच माझ्यापुढे ओळीने मांडले. “यातला कमी फुटका वाटेल तो घ्या. मला काही ठरवता येत नाही.”

मी कान चिकटवलेला एक घेतला. तिसऱ्या घोटाला कान माझ्या बोटात राहिला आणि कप मांडीवर आला. बाई धावल्या त्या आधी कपाकडे, माझ्या मांडीकडे नंतर. पुढच्याच आठवड्यात मी बाजारातून स्टीलचा पेला आणला आणि त्यावर माझं नाव घालून घेतलं. बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. “छान आहे. पोचा आला की सांगा, ठोकून देईन,” म्हणाल्या.

बाई वाईच्या. लग्न केलं नव्हतं. मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, त्याचा तुटलेला पट्टा जखमा शिवायच्या दोऱ्याने शिवलेला. स्टेथोस्कोपच्या नळीला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. गावात कोणी कोणी त्यांना चिक्कू म्हणत, पण ते खरं नव्हतं. थंडीत एखादी बाळंतीण उघडी दिसली तर स्वतःची चांगली रजई तिच्या अंगावर टाकून येत आणि फाटकी पांघरून झोपत. नवी वस्तू घरात आली की मात्र त्या अवघडायच्या. परक्या घरी गेल्यासारख्या तिच्यापासून चार हात लांब बसायच्या. ती जरा फुटली, चिरली, म्हणजे मग त्यांना ती आपली वाटायची.

त्यांची दोन वाक्यं मला आजही झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. एक, “काढलेलं परत लावता येत नाही.” दुसरं, “तीन दिवस बघू.” दाढ असो, बोट असो, नाहीतर चार बाळंतपणांनी जेरीस आलेल्या बाईची पिशवी असो, बाकीचे डॉक्टर काढा म्हणत तिथे बाई तीन दिवस बघत. आणि नुसत्या बघत नसत. धावरं झालेला एक म्हातारा एकदा बैलगाडीतून आला. पाय गुडघ्यापर्यंत लालभडक सुजलेला. दोघा डॉक्टरांनी त्याला पाय कापावा लागेल म्हणून सांगितलं होतं. बाईंनी निळी पेन्सिल थुंकी लावून ओली केली, लाली जिथे संपत होती तिथे कातडीवर रेघ ओढली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली, आणि पेनिसिलीन सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ नवी रेघ. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या अलीकडे सरली. म्हातारा पायाने चालत घरी गेला आणि पंचक्रोशीत सांगत सुटला, “बाईंनी रेघ वडली आन् रोग जाग्याव थांबला.” त्यानंतर बरेच दिवस लोक यायचे ते औषध मागायला नव्हे, रेघ ओढून घ्यायला.

या बघण्याने सगळं नेहमी नीट व्हायचं असं मात्र नाही. एका मास्तरांच्या पोटात दुखत होतं, तेव्हाही बाई तीन दिवस बघायला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशी चक्क भांडून मास्तरांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पोट उघडलं तर आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात. बाई महिनाभर येईल त्याला सांगत होत्या, “सिस्टर होत्या म्हणून मास्तर वाचले.” आपली चूक त्या अशा सांगायच्या की ऐकणाऱ्याला ती दुसऱ्याची तारीफ वाटावी. माझ्या डोक्यात मात्र त्यातून एक खूळ बसलं. बाईंना धक्का दिल्याशिवाय काही हलत नाही, आणि धक्का द्यायला मी आहे.

आता गाडीकडे येते. काळी, जुनी, विलायती गाडी. बाईंच्या वडिलांनी कुणा साहेबाकडून घेतलेली. बाई ती स्वतः चालवत. दर बुधवारी आमची कोरेगावकडच्या गावांची फेरी असे, माझं गाव त्यातच. बाई चालवणार, मी शेजारी औषधांची पेटी मांडीवर घेऊन. मार्गशीर्षात एका बुधवारी रस्त्यावर खडी टाकलेली होती. पुढे ट्रक. त्याच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि टच्च करून पुढच्या काचेवर बसला, बरोब्बर माझ्या तोंडासमोर. पावलीएवढी चांदणी उमटली.

बाई खाली उतरल्या. चांदणीवरून बोट फिरवलं, दाबून पाहिलं. “वरची काच फुटलीय, आतली शाबूत आहे. दोहोंच्या मधे एक पापुद्रा असतो, त्याने धरून ठेवलंय,” म्हणाल्या. पेटीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, दोन तुकडे कापले आणि फुलीसारखे चांदणीवर चिकटवले. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. मग गाडीत बसून म्हणाल्या, “तीन दिवस बघू.”

ते तीन दिवस चार महिने चालले.

दुसऱ्या दिवशी पट्टीखालून एक केस बाहेर आला होता. बाईंनी बाटल्यांवर लिहायची लाल पेन्सिल आणली आणि त्या केसाच्या टोकाला रेघ मारून तारीख घातली. मग रोज सकाळी पेशंट तपासायच्या आधी काच तपासणं सुरू झालं. संक्रांतीला तडा तीन इंच झाला होता. थंडीच्या सकाळी गरम पाण्याने काच धुतली की तो पळतो, हे बाईंनी शोधून काढलं आणि गरम पाणी बंद केलं. दवाखान्यात येणाऱ्या बायका ‘काच फुटली’ म्हणत नसत. बांगडीसारखंच, ‘बाईंची काच वाढली’ म्हणत. वाढत तर ती होतीच.

गाडीचं काम करणारा मिस्त्री येऊन बघून गेला. “बदला, बाई. काचंला काय टाकं पडत न्हाईत.”

“कशाला टाके पडतात आणि कशाला नाही, हे मला सांगता?” बाई म्हणाल्या.

“आवं, पर काच हाय ती.”

“तेच म्हणतेय. बघू.”

शिमग्याच्या सुमाराला बाईंना युक्ती सुचली. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे नमुने काचपट्टीवर कायमचे बसवायला त्या एक मधासारखा डिंक वापरत. तो सुकला की काचेत काच मिळून जाते, शिवण दिसत नाही. बाईंनी पट्टी काढली, डिंक वाटीत कोमट केला आणि सुईच्या पिचकारीने थेंब थेंब तड्यात सोडला. खरं सांगते, तडा गेला. डोळ्यांदेखत, टोकापासून चांदणीपर्यंत, पुसल्यासारखा गेला. बाईंनी मला ओढून आणून तिथे उभं केलं आणि विचारलं, “दाखवा कुठे आहे.” मला दाखवता येईना. मग त्या साताऱ्याच्या बाजारातून दोन फेऱ्या मारून आल्या, मिस्त्रीच्या दुकानासमोर गाडी उगीचच उभी केली. त्या बुधवारी आम्ही कोरेगावला गेलो. दुपारच्या उन्हात डिंक पातळ झाला, काचेवरून ओघळला, आणि परत येईपर्यंत त्यावर वाटेतली सगळी धूळ आणि चिलटं चिकटली होती. आधी तडा दिसायचा. आता तडा, ओघळ आणि चिलटांची रांग. मी हसू दाबत होते. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “हसा. पण सकाळी नव्हता, हे तुम्ही कबूल केलंय.” फुलीची पट्टी परत आली.

या पट्टीचा एक उपयोग झाला होता, तो बाईंना ठाऊक नसावा असं मला वाटे. शेतात काम करणाऱ्या बायकांना ती लांबून दिसायची. बाई मापाने गाडी चालवत, बैलगाडीच्या थोडं पुढे इतक्याच. पट्टी दिसली की बायका खुरपं टाकून रस्त्याला येत. “पट्टीची गाडी आली” असं एकमेकींना हाका मारून सांगत. कपाळाला लागलं की आपण चिंधी बांधतो, तशी ती गाडी त्यांना दिसत असावी.

मला मात्र ती पट्टी बघवत नव्हती. फुटकी बाजू माझ्या वाट्याला आलेली. चार महिने मी रस्ता बघितला तो फुलीच्या बाजूबाजूने. त्यात एका बुधवारी आम्ही आमच्या वस्तीकडे वळत असताना चावडीपाशी बसलेला वरच्या आळीचा एक जण मोठ्याने म्हणाला, “ह्यांच्या वस्तीला फुटकीच गाडी बरी.” बाजूचे हसले. बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी ऐकलं.

परत येताना मी बाईंना बोलले. “बाई, फुटकं वापरणं तुम्हाला परवडतं. तुम्ही वापरलं की लोक साधेपणा म्हणतात. आम्ही वापरलं की हीच यांची पायरी म्हणतात.”

बाईंनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. “हे माझ्या लक्षात आलं नव्हतं,” म्हणाल्या. बस, एवढंच. पण त्याच दुपारी त्यांनी सांगलीला कार्ड लिहिलं. पुण्याच्या दुकानदारांनी या गाडीची काच आता मिळायची नाही म्हणून हात वर केले होते. सांगलीत विश्रामबागेच्या रस्त्यावर एक काचवाला होता, तो मुंबईहून मागवून देतो असं कळलं होतं. कार्ड लिहिलं, पत्ता घातला, आणि टेबलावर वजनाखाली ठेवलं. तीन दिवस बघू.

तीन आठवडे मी ते कार्ड बघितलं. मग एका सकाळी उचललं आणि टपालपेटीत टाकून आले. मास्तरांच्या वेळी दिला तसाच एक धक्का, असं मनाला सांगितलं.

त्याच दिवसांत माझी वहिनी आठव्या महिन्यात होती. आधीचे दोन जीव गेले होते, एक सातव्यात, एक जन्मताच. भाऊ फौजेत, बाळंतपणासाठी रजा काढून आला होता आणि दिवसभर अंगणात येरझारा घालत होता. बाई दर बुधवारी वहिनीचा रक्तदाब बघत. चैत्रातल्या एका बुधवारी त्यांनी तिच्या पायावर अंगठा दाबला, खळगा पडला तो भरेना. बाईंनी माझ्या आईला समोर बसवलं. “पुढच्या बुधवारी मी हिला माझ्याबरोबर साताऱ्याला नेणार, बाळंतपण होईपर्यंत ठेवणार. तोवर ऊन नाही, मीठ नाही, घागर उचलायची नाही. पडून राहायचं.”

“न्हाई उठू देत,” आई म्हणाली. “बाई, ह्यो जीव तेवडा हाताला लागू द्या.”

“तुम्ही पडून ठेवा, मी येते.”

आणि दुसऱ्याच दिवशी सांगलीहून उत्तर आलं. काच आली आहे, गाडी घेऊन यावे. बाईंनी ते वाचलं, मग टेबलावरच्या वजनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बँडेज गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. बाई म्हणाल्या, “बरं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “बुधवार झाल्यावर जाऊ या का?”

“शनिवारी नेली तर मंगळवारी मिळेल. बुधवारी आपण थेट गावी जाऊ. दिवस चुकत नाही,” मी म्हणाले. आणि माझ्या मनात काय होतं तेही सांगून टाकते. चावडीवरून नव्या काचेची गाडी जाताना मला बघायची होती. तीही त्याच बुधवारी, वहिनीला न्यायला.

सांगलीचा काचवाला पिकल्या मिशांचा, मोठा हौशी माणूस. त्याने जुनी काच काढली, उन्हात धरली आणि लाल रेघा वाचायला लागला. “बाई, ह्या तारखा कसल्या हो?”

“तिच्या प्रकृतीच्या.”

“लय दिवस जगवली तुमी.” नव्या काचेला चारी बाजूंनी रबर चढवून त्याने खाचेत सुतळी घातली, दोघांनी बाहेरून काच दाबली आणि तो आतून सुतळी ओढत गेला, रबर जागच्या जागी बसत गेलं. बाई हे सगळं टाके बघावेत तसं बघत होत्या. मी हळूच काचवाल्याला सांगितलं, गाडी धुऊन, पॉलिश मारून चकचकीत करून द्या. त्याने तेही केलं. जुनी काच टाकून द्यायला बाई तयार नव्हत्या. “अर्धी तर चांगली आहे,” म्हणून ती पोत्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली.

बुधवारी पहाटे सांगलीहून निघून, साताऱ्याला न जाता, रहिमतपूरवरून आम्ही थेट गावाकडे आलो. नेहमी यायचो त्याच्या उलट्या बाजूने. काच इतकी स्वच्छ की नाहीच वाटावी. मी पदर सारखा करून ताठ बसले होते.

शेतात बायका दिसल्या. आम्हाला बघून त्या रस्त्याला आल्या नाहीत, उलट पळाल्या. मला कळेना. चावडीवर त्या दिवशी कोणी बसलेलं नव्हतं. वस्तीत शिरलो तर दारं उघडी आणि माणूस नाही. आमच्या घरात चूल पेटलेली, परातीत पीठ अर्धं मळलेलं. वहिनीचं अंथरूण रिकामं.

शेजारचे म्हातारबा तेवढे बाजेवर होते. “बायका उसात गेल्या,” म्हणाले. “आप्रेशनची गाडी आली म्हनं. लय चमाकती हाय.”

त्या वर्षी ती आवई उठलेली होती. कुटुंबनियोजनाची माणसं गावोगाव येत ती समजावून सांगायला. पण बातमी अशी पसरली होती की एक चकचकीत गाडी येते आणि दिसेल त्या बाईला उचलून नेते. आणि माझ्या आईने, जिला आम्ही सुनेला पडून ठेवायला सांगितलं होतं, तिने पोटुशी सून उचलून कडक उन्हात नांगरटीतून उसाकडे पळवली होती. तो जीव हाताला लागावा म्हणूनच.

मी बांधावर उभी राहून ओरडले. “आये, मी हाय. बाई आल्यात.” उसाला वाऱ्याचा आवाज, त्यात माझी हाक कुठली पोचते. ऊस एकरच्या एकर पसरलेला; कुठून आत शिरायचं तेच कळेना. मी रडायला लागले होते. मागे वळून बघते तर बाई पेटी उघडून बसलेल्या. चिकटपट्टीचं रीळ काढलं, दोन तुकडे कापले, आणि त्या कोऱ्या काचेवर, माझ्या बाजूला, जुन्याच जागी फुली मारली. पट्टी धुळीने माखावी म्हणून वर मूठभर माती चोळली. “बसा,” म्हणाल्या. आणि उसाच्या कडेकडेने, गाडीवाटेवरून, बैलगाडीच्या थोडं पुढे इतक्याच वेगाने गाडी नेऊ लागल्या.

पहिलं डोकं बाहेर आलं ते शेजारच्या काकूंचं. मग दुसरं. मग आई, वहिनीच्या बगलेत हात घालून. “आगं, तुमी हाय व्हय,” आई म्हणाली. “आन् पट्टी कुटं गेली व्हती?”

वहिनीचं तोंड सुजलं होतं. डोकं ठणकतंय, समोर काळं काळं दिसतंय, म्हणत होती. बाईंनी रक्तदाब बघितला आणि मला आकडा सांगितला नाही. मागचं दार उघडलं, पोत्यातली जुनी काच दोन्ही हातांनी ओढून काढली आणि बांधावर टाकली. ती फुटली. बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. वहिनीला आडवं केलं, इंजेक्शन दिलं, आईला तिच्या डोक्याशी बसवलं. कोरेगाव मागे पडल्यावर वहिनीला झटका आला. बाईंनी गाडी थांबवून दुसरं इंजेक्शन दिलं, तिच्या दातांत माझा दुमडलेला रुमाल सरकवला, आणि त्यानंतर मी त्यांना ज्या वेगाने गाडी चालवताना पाहिलं त्या वेगाने पुन्हा कधी पाहिलं नाही.

भाऊ त्या दिवशी कोरेगावला बाजाराला गेला होता. तो घरी असता तर बायकांना पळूच दिलं नसतं. निरोप मिळाल्यावर तो दुपारी एस.टी.ने साताऱ्याला आला, अंगातला सदरा घामाने भिजलेला. आईने जे घडलं ते सांगितलं. तेव्हा वहिनी आत होती. जगते की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. बाई हात पुसत बाहेर आल्या, तसा तो समोर उभा राहिला.

“बाई, एकच सांगा. त्या गाडीची काच ऐन टायमाला बदलायचा हुकूम कुनाचा हुता?”

मी दारात उभी होते, हातात उकळलेल्या पाण्याचं भांडं.  

“माझा,” बाई म्हणाल्या. “कार्ड मी लिहिलं होतं. चूक माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला, पण आत्ता बाजूला व्हा. सिस्टर, पाणी आणा.”

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. मग बाजूला झाला.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. मुठीएवढी. कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून बाईंनी ती दीड महिना सांभाळली. वहिनीला उठून बसायला आठ दिवस लागले. दोघी जगल्या. त्या मुलीच्या पायगुणाच्या गोष्टी आई पुढे जन्मभर सांगत राहिली. मी त्या ऐकत असताना खाली बघत असे.

नव्या काचेवरची फुली बाईंनी मग काढली नाही. गाडी होती तोवर ती तशीच होती. जुनी झाली की नवी लावत. अनोळखी माणूस विचारायचा, “काच फुटली का हो?” बाई म्हणायच्या, “छे, उत्तम आहे.” मी एकदा धीर करून म्हणाले, “बाई, ते कार्ड…” त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. “कार्डावर अक्षर कुणाचं होतं? माझंच ना? मग झालं तर.” मला त्यांनी कधी ‘का टाकलंत’ असं विचारलं नाही, तीन दिवसांनी नाही आणि पुढच्या अकरा वर्षांतही नाही. त्यांनी एकदा रागावून घेतलं असतं तर मी सुटले असते. माफी मागायला तरी जागा मिळाली असती.

म्हातारपणी बाई परत वाईला, आपल्या गावी गेल्या. तिथेच वारल्या. त्या दिवशी भाऊ माझ्याबरोबर आला होता. तोवर तो पेन्शनीत निघाला होता. परतीच्या एस.टी.त आम्ही दोघंच एका बाकावर. पाचवड मागे पडलं. मग सांगितलं. कार्ड बाईंनी लिहिलं, पण टाकलं मी. त्या नको म्हणत होत्या, बुधवार होऊ दे म्हणत होत्या. पॉलिशसुद्धा मीच मारायला लावलं. तू विचारलंस तेव्हा मी दारात होते आणि बोलले नाही. बाई खोटं बोलल्या, ते माझ्यासाठी.

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. बघता बघताच म्हणाला, “ठावं हाय मला.”

“कवापासनं?”

“तवाच. त्या ‘माझा’ म्हनल्या, तवाच कळलं. येडे, बाईंनी उभ्या जल्मात सोताहून कदी काय बदललं हुतं व्हय?”

“मग मला बोलला का न्हाईस?”

“बाईंनी आपल्या आंगाव घेतलं हुतं,” तो म्हणाला. “त्या जित्या असताना तुला बोलून त्यांना खोटं पाडू व्हय?”